काळ्या प्लास्टिकसाठीचे ट्रिम रिस्टोरर: कुठलं कधी घ्यावं, कुठलं घेऊच नये

ट्रिम म्हणजे गाडीच्या बाहेरचं, रंग न दिलेलं काळं प्लास्टिक, आणि ते पांढरं पडलं की पुन्हा काळं करणारं ते ट्रिम रिस्टोरर. बाजारात ‘ट्रिम रिस्टोरर’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात: सॉल्व्हंटमधलं सिलिकॉन ड्रेसिंग, पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग, काळं रंगद्रव्य असलेलं रिस्टोरर आणि सिरॅमिक ट्रिम कोटिंग. डब्यावरचं चित्र चौघांचं तेच, अर्धा बंपर पांढुरका आणि अर्धा काळाकुळकुळीत. लावल्यावर पहिल्या तासात चारही तितकीच छान दिसतात, हीच खरी पंचाईत आहे. फरक कळतो तो पहिल्या पावसात, चार-सहा वेळा गाडी धुतल्यावर आणि एक कडक उन्हाळा गेल्यावर. म्हणून इथे पहिल्या दिवसाच्या झळाळीला काही गुण दिलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चांगल्या कोटिंगखाली घाईची सफाई असेल तर ते कोटिंग वाया जातं. साधं ड्रेसिंगही नीट धुतलेल्या प्लास्टिकवर अपेक्षेपेक्षा बरंच जास्त टिकतं. डबा निवडण्याइतकाच वेळ ब्रश मारण्यात जायला हवा, किंबहुना जास्तच.

प्लास्टिक पांढरं पडतं म्हणजे नेमकं काय होतं

बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दाराखालचं क्लॅडिंग (प्लास्टिकचं आवरण), वायपरखालची जाळी हे भाग बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम रबर, ताठपणासाठी टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) आणि रंगासाठी कार्बन ब्लॅक मिसळतात. सुटा भाग उलटा करून पाहिला तर मागे साच्यातच उमटलेली खूण सापडते. ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ असं असेल तर त्यात २० टक्के टाल्क आहे. ही खूण आयएसओ ११४६९ या मानकानुसार असते. आरशाच्या आवरणावर किंवा पुढच्या ग्रिलवर तिथे ‘एबीएस’ किंवा ‘एएसए’ लिहिलेलं दिसलं तर थिनर-ॲसिटोनपासून चार हात लांब राहायचं. पॉलिप्रॉपिलीनला ॲसिटोनने फारसं काही होत नाही, एबीएस मात्र त्यात विरघळतं.

उन्हातले अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. वरच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतला टाल्क उघडा पडतो, आणि अशा खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. आपल्याला ते राखाडी दिसतं. कार्बन ब्लॅक बहुतांशी जागच्या जागीच असतं. म्हणून तर ओलं फडकं फिरवलं की मिनिटभर प्लास्टिक पुन्हा काळं दिसतं: पाण्याने भेगा भरल्या, प्रकाशाचं विखुरणं कमी झालं. रिस्टोररही हेच करतं, फक्त पाण्याऐवजी लवकर न उडणारं किंवा आत घट्ट होऊन बसणारं काहीतरी भरतं.

खरेदीआधीची चाचणी यातूनच निघते, आणि तिला पाण्याच्या एका स्प्रेपलीकडे काही लागत नाही. गाडी साध्या शाम्पूने धुऊन वाळवा आणि सगळ्यात पांढरट भागावर पाणी मारा.

पाणी लागताच सगळा भाग सारखा काळा झाला तर रंग शाबूत आहे, फक्त पृष्ठभाग खडबडीत झालाय. अशा प्लास्टिकवर सिरॅमिक कोटिंग उत्तम काम करतं. ओलं असतानाही राखाडी किंवा तपकिरी झाक राहिली तर वरच्या थरातला काळा रंग खरोखर गेलाय, तिथे रंगद्रव्य असलेलंच रिस्टोरर लागेल. आणि पांढरेपणा सगळीकडे सारखा नसून गाडीच्या रंगवलेल्या पत्र्याच्या कडेलगत रेषा, ठिपके, अर्धगोल फटकारे असा असेल, तर ते उन्हाचं काम नाही. ते वॅक्स किंवा पॉलिश वाळून प्लास्टिकच्या खडबडीत दाण्यांत अडकलंय. त्याला रिस्टोरर लागत नाही, सफाई लागते. पुढचा बंपर आणि फेंडर जिथे भेटतात त्या कोपऱ्यात नीट पाहा: रंगाच्या काठापासून बोटभर रुंदीची पांढरी पट्टी दिसली आणि तिच्या खाली प्लास्टिक ठीक असेल, तर पॉलिशर फिरवणाऱ्याने टेप लावली नव्हती हे नक्की समजा.

सफाई

लागणारं सामान थोडंच आहे: न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू, ऑल पर्पज क्लीनर, मऊ नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा डिटेलिंग ब्रश, एक जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आखूड लव असलेली मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे. लांब लवेचं गुबगुबीत फडकं रंगासाठी ठेवा. दाणेदार प्लास्टिकवर त्याचे धागे अडकतात आणि कोटिंगमध्ये कायमचे बसतात.

आधी शाम्पूने धुवा, म्हणजे वाळू-माती निघून जाईल. मग ऑल पर्पज क्लीनर १:१० प्रमाणात, म्हणजे १ लिटर पाण्याला १०० मिली. अगदी चिवट ठिकाणी १:४ पर्यंत जायला हरकत नाही, त्याहून तीव्र करण्यात अर्थ नाही. कडक अल्कली शेजारच्या रंगाला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना आणि क्रोमला डाग पाडते. एका वेळी दोन-तीन फुटांचा भाग घ्या. स्प्रे करा, अर्धा मिनिट थांबा, ब्रश आधी आडवा, मग उभा चालवा. प्लास्टिकवरचे दाणे एका दिशेने घासले तर दुसऱ्या बाजूच्या सावलीतला मळ तसाच राहतो. क्लीनर वाळू द्यायचा नाही. फेस तपकिरी किंवा करडा येतोय तोवर धुऊन पुन्हा करायचं, फेस पांढरा आला की थांबायचं.

वाळलेल्या वॅक्ससाठी कोमट पाण्यातला क्लीनर आणि टूथब्रश बहुतेक वेळा पुरतो. नाही निघालं तर शाळेतला पांढरा खोडरबर अचूक काम करतो, कारण तो दाण्यांत शिरून वॅक्सचे कण गोळा करतो. मेलामाइनचा स्पंज, म्हणजे ‘जादूचा स्पंज’ म्हणून मिळतो तो, हे खरं तर अतिबारीक पॉलिश पेपरसारखं साधन आहे. जाड दाण्यांच्या क्लॅडिंगवर हलक्या हाताने, भरपूर पाण्यासोबत चालेल. गुळगुळीत किंवा चकचकीत काळ्या भागावर तो लावलात तर ओरखड्यांचं जाळं उमटेल.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे वायपरखालची जाळी. ऊन तिच्यावर सरळ पडतं आणि काचेवरून उतरणारं सगळं तिच्यावरच साचतं: काच धुण्याचं द्रव, पानांचा रस, वॅक्सचं पाणी. शक्य असेल तर वायपरचे हात उभे करून किंवा काढून साफ करा. त्यांच्या बुडाशी जो करडा गोल राहतो तो नंतर काळ्या जाळीवर फार उठून दिसतो. जाळीच्या फटींतून क्लीनर धो-धो ओतू नका, खाली केबिनच्या हवेचा मार्ग असतो. ब्रशवर स्प्रे करून ब्रश फिरवा.

मग चाचणी पुन्हा एकदा, यावेळी उलट्या अर्थाने. उन्हाने खराब झालेलं पण स्वच्छ झालेलं प्लास्टिक पाणी सहज धरतं, ओलावा सपाट पसरतो. पाण्याचे टपोरे थेंब बनत असतील तर जुनं सिलिकॉन किंवा वॅक्स अजून तिथेच आहे. (नव्याकोऱ्या प्लास्टिकवर ही चाचणी लागू नाही, पॉलिप्रॉपिलीन मुळातच पाणी झटकतं.) थेंब दिसले तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं-करडं येईल. दोन-तीन वेळा पुसल्यावर काळेपणा कमी झाला तर तो जुन्या ड्रेसिंगचा मळ होता. कितीही पुसलं तरी सारखाच करडा येत राहिला तर ते प्लास्टिकच आहे, खडूसारखा झालेला वरचा थर. तिथे थांबा. फडकं शुभ्र येईपर्यंत घासत बसाल तर प्लास्टिकच झिजवाल.

आता वाळवणं. इथे बहुतेक जण घाई करतात. प्लास्टिक वरून कोरडं दिसतं, पण क्लिपांच्या मागे, दोन पट्ट्यांच्या जोडात आणि दाण्यांच्या तळाशी पाणी असतं. काम चालू असताना ते झिरपून बाहेर येतं आणि ताज्या सिरॅमिकवर पांढरट ओघळ उठतो. ब्लोअर किंवा दाबाच्या हवेने सगळे जोड फुंकून घ्या आणि त्यानंतरही किमान दोन तास सोडा. आदल्या संध्याकाळी धुऊन दुसऱ्या सकाळी लावलेलं सगळ्यात उत्तम.

सॉल्व्हंटमधलं सिलिकॉन

घेऊ नका. चमक भरपूर, हात लावला की तेलकट, धूळ ओढून घेणार, आणि पहिल्या पावसात काळसर ओघळ दारावरून खाली. टिकण्याचं म्हणाल तर दोन-चार आठवडे. त्याहून वाईट म्हणजे पुढे कधी सिरॅमिक किंवा रंग मारायचा ठरवलात तर हेच सिलिकॉन काढताना दम निघतो. गाडी विकायला काढताना फोटोपुरती चमक हवी असेल तर त्याची सोय होते, एवढंच.

स्वयंपाकाच्या तेलाचे घरगुती उपाय याच रांगेतले. तेल भेगांत भरतं, काळं दिसतं, मग धूळ चिकटून चिकट थर होतो. जवसाचं तेल सुकून कडक होतं हे खरं, पण ते पिवळट आणि असमान सुकतं, आणि त्यात भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एवढा धोका पत्करण्यासारखं त्यात काही नाही.

पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग

नवी किंवा दोन-तीन वर्षांची गाडी, प्लास्टिक अजून काळं, फक्त थोडं निस्तेज: इथे याच्याइतकं शहाणं दुसरं काही नाही. लावायला सोपं, चुकलं तर धुऊन टाकता येतं, चमक मॅट.

या गटात ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट आणि कारप्रो पर्ल ही दोन नावं वारंवार येतात. ३०३ जसं आहे तसंच वापरायचं. कंपनी स्वतःच दर ३ ते ५ आठवड्यांनी पुन्हा लावायला सांगते, आणि हा प्रामाणिक आकडा आहे. त्याचं मुख्य काम अतिनील किरणांपासून बचाव करणं. पांढरं पडलेलं काळं करण्यासाठी ते बनवलेलंच नाही, त्यामुळे तशी अपेक्षा ठेवून घेतलंत तर निराशा होईल. ते लावून आपोआप वाळू देणं ही नेहमीची चूक. स्प्रे करून पसरवायचं आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचं, नाहीतर पट्टे दिसतात.

पर्ल पाण्यात मिसळून वापरता येतं: बाहेरच्या ट्रिमसाठी १ भाग पर्लला ३ भाग पाणी, टायरसाठी १:१, आतल्या डॅशबोर्डसाठी १:५. यामुळे एक बाटली बरीच पुरते आणि चमक स्वतः ठरवता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. घट्ट वापरलं तर बाहेरच्या प्लास्टिकवर जास्तीचा थर राहून धूळ धरतो, म्हणून १:३ पासून सुरुवात करा, कमी वाटलं तर दुसरा हात द्या.

दोन्हींची मर्यादा एकच. खडूसारखं झालेलं प्लास्टिक ही ड्रेसिंग पिऊन टाकतं आणि दोन धुण्यांत परत राखाडी दिसतं.

रंगद्रव्य असलेलं रिस्टोरर

ओलं करूनही काळं न होणाऱ्या प्लास्टिकचा हा इलाज. या गटातलं सर्वांत परिचित नाव सोल्युशन फिनिश. काळं द्रव, फोमच्या ॲप्लिकेटरवर थोडंच घ्यायचं, चोळून मुरवायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. ‘थोडंच’ या शब्दावर जोर आहे. नाण्याएवढा थेंब हातभर पट्टीला पुरतो. बाटली उपडी करून लावलं तर वरचा न मुरलेला थर पावसात उतरतो आणि लोक उत्पादनाला नावं ठेवतात.

त्याच्या तीन अडचणी आहेत. पहिली, ते डाग पाडतं. हातमोजे घाला, रंगाची आणि रबराची कड टेपने झाका, आणि टेपखाली झिरपलेलं लगेच अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. रंगावर ते वाळू दिलं तर पॉलिश करावं लागेल. दुसरी, सगळी ट्रिम मुळात काळी नसते. बऱ्याच गाड्यांवर ती कारखान्यातूनच गडद करडी येते. एका बाजूची कमान बदललेली असेल किंवा एकच पट्टी काळी केलीत तर ती बाकीच्यांपासून वेगळी उठून दिसेल. दाराच्या बिजागरीकडचा, ऊन न लागलेला कोपरा उघडून मूळ छटा पाहून घ्या. तिसरी, दोन-तीन दिवस हाताला, कपड्याला काळं लागू शकतं. क्लॅडिंगला पाय घासून गाडीत चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

टिकण्याबाबत: नीट साफ केलेल्या भागावर सहा महिने ते वर्ष ही अपेक्षा वाजवी. उभ्या भागांवर जास्त, वर आभाळाकडे तोंड असलेल्या जाळीवर आणि रूफ रेलवर कमी.

या रिस्टोररवर सिरॅमिक मारण्याचा मोह होतो. तसं करू नका. रंगद्रव्य वाहून नेणारं तेलकट माध्यम भेगांत राहतं आणि सिरॅमिकला धरायला जागाच मिळत नाही. एक काहीतरी निवडा.

सिरॅमिक ट्रिम कोटिंग

पाण्याच्या चाचणीत काळं झालेल्या प्लास्टिकवर आमची पसंती यालाच. सिलिकॉनच्या संयुगांचं हे द्रव हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि भेगांत पातळ, कडक थर बनवतं. ते घट्ट झालं की धुण्याने जात नाही, धूळ ओढत नाही, ओघळत नाही. पण हे सारं सोपेपणा घालवून मिळतं: चूक झाली तर ती पण टिकते.

दोन स्वरूपांत मिळतं. सेराकोटचं ट्रिम कोट भिजवलेल्या वाइप्समध्ये येतं, एका खोक्यात १० वाइप्स, आणि २०० धुण्यांहून जास्त टिकेल अशी हमी कंपनी देते. कारप्रो डीलक्स बाटलीत येतं आणि प्लास्टिकसोबत चाकांच्या रिमलाही चालतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने वाइप्स घ्यावीत, मात्रा आपोआप बेतात राहते. उणीव अशी की पाकीट फोडलं की ते वाइप संपवावं लागतं, आणि ग्रिलच्या बारीक चौकटींत किंवा जाळीच्या पात्यांमध्ये कागदी वाइप पोचत नाही. तिथे बाटली आणि बोटभर रुंदीचा ॲप्लिकेटर लागतोच. वाइप कात्रीने कापून चिमट्यात धरता येतं, पण ती कसरतच.

बाटलीचं कोटिंग लावायची पद्धत अशी. गाडी सावलीत, पृष्ठभाग हाताला गार, हवा साधारण १० ते २५ अंश सेल्सिअस. बाटली हलवा. सुरुवातीला ॲप्लिकेटर ओला करायला ८-१० थेंब, नंतर दर भागाला ४-५ पुरतात. एका वेळी फूट-दीड फूट भाग घ्या, आडवा-उभा हात फिरवा, दाण्यांच्या तळापर्यंत पोचलं का ते टॉर्च तिरपी धरून पाहा. लेबलवर दिलेला वेळ थांबा, तो बहुतेकांचा एक ते तीन मिनिटांत असतो. मग आखूड लवेचं कोरडं फडकं अगदी हलकं फिरवा. इथे पुसून काढायचं नसतं, फक्त वर साचलेलं समतल करायचं असतं. जोर दिलात तर दाण्यांतलं कोटिंगही फडक्यात जाईल.

जास्त ऊन खाल्लेले भाग पहिला हात पिऊन टाकतात आणि काही मिनिटांत कोरडे, करडे ठिपके परत दिसतात. ती चूक नाही, तहान आहे. तासाभराने दुसरा हात द्या, आधी त्या ठिपक्यांवर आणि मग सगळीकडे. क्लॅडिंग, कमानी, दोन्ही बंपर आणि जाळी मिळून मोठ्या गाडीला दोन हातांसाठी १५ ते २५ मिली धरून चाला. प्लास्टिक फारच कोरडं असेल तर वरच्या आकड्याकडे.

पुढचे २४ तास पाणी नाही, दवसुद्धा नाही. शाम्पू आणि क्लीनर आठवडाभर नको. हे सर्वसाधारण आकडे. लेबलवर याहून जास्त लिहिलं असेल तर तेच पाळा.

हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. काम झालं की ॲप्लिकेटर टाकून द्या. त्यावर उरलेलं कोटिंग काचेसारखं कडक होतं आणि पुढच्या वेळी ओरखडे पाडतं. फडक्याचंही तेच, धुऊन रंगावर वापरायची चूक करू नका. बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा. आत शिरलेली दमट हवा उरलेलं द्रव गोठवते. उघडलेली बाटली काही महिन्यांत घट्ट होणार हे धरूनच आकार निवडा, स्वस्त पडते म्हणून मोठी घेण्यात काही हशील नाही.

काय बिघडतं आणि का

चकाकणारे ठिपके किंवा रेषा: कोटिंग जास्त झालं किंवा समतल करायचं राहिलं. लगेच लक्षात आलं तर त्याच कोटिंगचा ओला ॲप्लिकेटर त्यावर फिरवा, ताजं द्रव खालच्या अर्धवट घट्ट थराला मऊ करतं, मग पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर हा उपाय चालत नाही. रंगावर आपण पॉलिश करतो तसं दाणेदार प्लास्टिकवर करता येत नाही, कारण पॉलिशचा पांढरा गाळ दाण्यांत अडकतो. तेव्हा थोडं उन्हाने उतरेपर्यंत तसंच सोडणं किंवा मेलामाइन स्पंजने अगदी हलकं घासून त्या भागावर पुन्हा लावणं, एवढेच मार्ग.

पांढरट धुरकट थर: घट्ट होण्याआधी पाणी किंवा दव लागलं, नाहीतर जोडातलं पाणी झिरपलं. अल्कोहोलने पुसून, वाळवून, आणखी एक हात दिला की बहुतेक वेळा जातो.

वाघासारखे काळे-करडे पट्टे: पृष्ठभाग तापलेला होता, द्रव पसरायच्या आत सुकलं. किंवा खाली जुनं सिलिकॉन होतं आणि कोटिंगने तेवढ्याच जागा सोडल्या. दुसरं कारण असेल तर वर कितीही हात द्या, पट्टे तसेच राहतील. सफाई पहिल्यापासून करावी लागेल.

रंगावर किंवा काचेवर सांडणं: ओलं असेतो फडक्याने पुसलं की संपलं. सुकल्यावर रंगावर पॉलिश, काचेवर पाण्यात भिजवलेलं धारदार पातं तिरपं धरून. पार्किंग कॅमेऱ्याच्या भिंगावर आणि सेन्सरच्या गोल चकत्यांवर टेप आधीच लावा.

हीट गन

व्हिडिओंत हे जादूसारखं दिसतं: गन फिरते, करडं प्लास्टिक क्षणात काळं होतं. होतं ते असं की वरचा खडबडीत थर वितळून सपाट होतो. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि हीट गनची हवा सहज ३०० ते ६०० अंशांची असते, त्यामुळे चुकीला जागा सेकंद-दोन सेकंदांचीच. जरा थांबलात की दाणे पुसले जातात, तिथे चकचकीत डाग उमटतो, आणि पातळ पट्टी वाकली की क्लिपांत परत बसत नाही. शेजारचा रंग फुगतो ते वेगळंच. शिवाय अतिनील किरणांपासून वाचवणारी संयुगं यातून परत येत नाहीत, म्हणून ते पुन्हा करडं पडतं. जो भाग नाहीतरी बदलायचाच आहे, त्यावर हौस म्हणून करून पाहा.

नंतरची निगा

धुताना न्यूट्रल पीएचचा शाम्पू. ब्रश न लावता फक्त रसायनाने धुणाऱ्या केंद्रांत बऱ्याचदा तीव्र अल्कली वापरतात. ती वारंवार बसली तर ड्रेसिंग पहिल्याच वेळी जातं आणि सिरॅमिकचं आयुष्यही घटतं. प्रेशर वॉशरचं टोक किमान फूटभर लांब आणि फवारा पसरट ठेवा. गाडीला वॅक्स किंवा पॉलिश करताना प्लास्टिकच्या कडेने टेप लावा. टेप नसेल तर आधी पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग लावून घ्या, म्हणजे उडालेलं पॉलिश दाण्यांत न रुतता नंतर धुऊन जातं.

सिरॅमिक संपत आल्याचं लक्षण रंगात आधी दिसत नाही, पाण्यात दिसतं. थेंब सरकायचे थांबतात, ओलावा पसरायला लागतो. जाळी आणि रूफ रेलवर हे सगळ्यात आधी होतं. तेवढेच भाग क्लीनर आणि अल्कोहोलने पुसून एक हात द्या, सगळी गाडी पुन्हा करायची गरज नसते.

ज्यावर हे लावू नये किंवा जपून लावावं

चकचकीत काळे खांब आणि ग्रिल हे रंगवलेले किंवा गुळगुळीत ओतलेले असतात. त्यांना रंगासारखं पॉलिश आणि रंगासाठीचं कोटिंगच लागतं. खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांना पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग ठीक, रंगद्रव्य नको, काच खालीवर होताना काळे पट्टे उमटतात. आणि काळ्या रंगाने रंगवलेल्या ज्या ट्रिमचा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पापुद्र्यासारखा सुटतोय तिला कुठलंही रिस्टोरर वाचवणार नाही. ती पॉलिश पेपरने घासून, आधी प्लास्टिकसाठीचा ॲडहेशन प्रमोटर (रंग धरवणारा अस्तराचा थर) आणि मग ट्रिम पेंट मारून पुन्हा रंगवावी लागते. प्रमोटर वगळला तर पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, आणि दगड लागला की नखाएवढे तुकडे सुटायला लागतात. एकदा रंगवलेल्या भागावर पुढे रिस्टोररचा उपयोग उरत नाही, म्हणून ब्रश, क्लीनर आणि पाण्याची चाचणी करून झाल्यावरच स्प्रेच्या डब्याला हात घाला.